दोन केव्हीएचे वीज मंडळ



आपल्या होस्टेलमध्ये लाईट गेली की पहिली आरोळी उठते, "जनरेटर लावा रे!" जनरेटर लागला की पाच मिनिटांनी दुसरी आरोळी उठते, "रॉड कोणी लावला?" या दोन आरोळ्यांच्या मध्ये जी पाच मिनिटे जातात, त्यांच्यावर हा लेख आहे.

आपण सिंक्रोनस मशीन शिकतो. ईएमएफचे समीकरण पाठ असते, व्हेक्टर डायग्राम डोळे झाकून काढता येतो. पण दोरी खेचून सुरू करायचा साधा पेट्रोल जनरेटर समोर ठेवला आणि "यावर काय काय चालेल?" असे विचारले, तर आपल्यातले बरेच जण डोके खाजवतात. मीही खाजवले होते. नुसते डोके खाजवून थांबलो असतो तर बरे झाले असते. मी जे केले ते आधी सांगतो. त्यात माझी फुशारकी नाही, फजितीच आहे.

मनोरी, मे २०२१

माझे घर मनोरीला. मालाडहून मार्व्याला यायचे, तिथून बोटीने खाडी ओलांडली की आले मनोरी. मुंबईच्या हद्दीत असूनही बोट बंद पडली तर आम्हाला गोराई-उत्तनवरून भाईंदरचा वळसा घालावा लागतो. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून समुद्रातून गुजरातकडे सरकले. कुलाब्याला वाऱ्याचा वेग ताशी ११४ किलोमीटरपर्यंत गेला होता. आमच्या वाडीत माड पडले, एक झाड तारांवर आडवे झाले आणि लाईट गेली.

घरात आजी, आई, काका, काकू आणि मी. आजीला मधुमेह, तिचे इन्सुलिन फ्रीजमध्ये. काकांची मासळी डीप फ्रीझरमध्ये. विहिरीवर अर्ध्या एचपीचा पंप. पहिली रात्र मेणबत्तीवर काढली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकांनी पडवीच्या माळ्यावरून जुना जनरेटर उतरवला. गणपतीच्या मंडपासाठी कधीतरी घेतलेला, दोन केव्हीएचा.

मी तेव्हा डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला. लॉकडाऊनमुळे सगळी प्रॅक्टिकल मोबाइलच्या पडद्यावर झालेली. म्हणजे पक्कड हातात धरण्याआधीच मी ओहमचा नियम शिकलेला होतो! काका म्हणाले, "अरे, तू इलेक्ट्रिकलवाला ना? मग लाव की."

या "लाव की"ने घात केला. मी एक वायर घेतली आणि तिच्या दोन्ही टोकांना प्लग टॉप लावले. एक टोक जनरेटरच्या सॉकेटमध्ये, दुसरे हॉलमधल्या सोळा अँपिअरच्या सॉकेटमध्ये. कल्पना अशी की सॉकेटमधून उलटी वीज घरात शिरेल आणि अख्खे घर उजळेल. आधी मेन स्विच बंद करायचा, एवढे मला ठाऊक होते आणि तो मी बंद केलाही.

घर उजळले. आई खूश, काका खूश. मी तर एडिसनच झालो होतो. त्याच जोशात मी पंपाचे बटण दाबले. पंप नुसता गुरगुरला, दिवे मिणमिणले, जनरेटर कण्हल्यासारखा आवाज करू लागला आणि त्याचा एमसीबी पडला. पुन्हा अंधार. काकूंना वाटले घरचाच मेन पडला, म्हणून त्यांनी तो वर केला. मला कोणी सांगितले नाही आणि मीही बघितले नाही. पंप बंद केला, एमसीबी वर केला. घरात पुन्हा उजेड. पण आता तो उजेड घरापुरता राहिला नव्हता.

थोड्या वेळाने दाराशी बॅटरीचा झोत पडला. रेनकोट घातलेला, गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला एक वायरमन उभा होता. त्याने विचारले, "जनरेटर कोणी लावलाय?"

मी म्हटले, "मी."

तो काही बोलला नाही. आधी मेन खाली केला. मग जनरेटर बंद केला. मग सॉकेटमधून माझी वायर काढली आणि तिचे उघडे प्लग माझ्यासमोर धरले. म्हणाला, "जनरेटर चालू असताना ही वायर सॉकेटमधून निसटली असती, तर या पिना जिवंत असत्या. आजी तिथंच बसल्यात ना?" मग बाहेर कोपऱ्यावरच्या खांबाकडे बोट दाखवले. "आणि मी त्या खांबावर होतो."

पलीकडचा फ्यूज काढून त्यांनी आमच्या चार-पाच घरांची लाईन वेगळी केली होती. तुटलेली तार जोडायला तो वर चढला होता. लाईन मेलेली आहे असे समजूनच चढला होता. हात लावण्याआधी त्याने टेस्टर लावला आणि टेस्टर पेटला. मग तो खाली उतरून जनरेटरच्या आवाजाच्या मागावर आमच्या दारापर्यंत आला.

काका त्याची माफी मागू लागले. तो म्हणाला, "काका, मी दोन दिवस झोपलेलो नाही. आज टेस्टर लावला. झोपेच्या भरात एखाद्या वेळी राहिला असता." एवढे बोलून त्याने खिशातून पक्कड काढली आणि माझ्या वायरचे एक टोक प्लगपासून छाटले. "ही शिल्लक राहिली तर उद्या पुन्हा कोणीतरी लावणार."

चहा पिऊन तो पुन्हा खांबावर चढला. जाण्याआधी मात्र त्याने जनरेटर पडवीतून उचलून अंगणात लांब ठेवायला लावला, त्यावर पत्रा धरला, चांगल्या जाडीची एक्स्टेन्शन काढायला सांगितली आणि तिच्यावर फक्त फ्रीज लावून दिला. फ्रीज घुमू लागला. इन्सुलिन वाचले.

नंतर मी हिशोब केला. त्या रात्री खरी गरज होती ती फ्रीजची, म्हणजे सुमारे १२० वॅटची. तेवढ्यासाठी मी अख्ख्या घरात वीज घातली आणि एका माणसाचा जीव टांगणीला लावला. इन्सुलिनलासुद्धा इतकी घाई नव्हती. वापरात काढलेली बाटली थंड जागी काही आठवडे टिकते, गावाकडे ती माठात ठेवतात, हे डॉक्टरांनी मागाहून सांगितले. आधी गरज लिहून काढली असती तर पुढचे काहीच घडले नसते. या लेखात सांगायचे आहे ते एवढेच. बाकी सारा त्याचा तपशील.

भिंतीतली वीज आणि जनरेटरची वीज

घरात आपण बटण दाबतो तेव्हा लोडचा विचार करत नाही, कारण तो दुसरे कोणीतरी करत असते. महाराष्ट्रात हे काम कळव्याचे राज्य भार प्रेषण केंद्र करते. मागणी किती, निर्मिती किती, हा ताळा तिथे चोवीस तास मांडला जातो. मागणी वाढली आणि निर्मिती तेवढी नसली तर फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या खाली घसरू लागते. मग कुठेतरी लोड कमी करावा लागतो, नाहीतर सगळेच कोसळते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा भागातल्या ४०० केव्ही वाहिन्यांवर बिघाड झाले आणि मुंबईची लाईट गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, काही भागांत वीज यायला कित्येक तास लागले. मुंबईसारख्या शहराची ही गत होते, तर दोन केव्हीएच्या यंत्राची काय कथा!

पोर्टेबल जनरेटर सुरू केला की भार प्रेषण केंद्र तुम्ही, वीज मंडळ तुम्ही आणि ग्राहकही तुम्हीच. लोडशेडिंग हा शब्द आपण आजवर शिवीसारखा वापरला. जनरेटरवर मात्र लोडशेडिंग म्हणजे शहाणपण.

पाटीवरचा आकडा

जनरेटरच्या पाटीवर बहुधा दोन आकडे असतात, एक कमाल आणि एक रेटेड. दुकानदार मोठा आकडा सांगतो. तो काही क्षणांपुरता असतो. सतत चालवायचा तो रेटेड. शिवाय आकडा केव्हीएमध्ये आहे की किलोवॅटमध्ये तेही पाहावे. दोन केव्हीए आणि पॉवर फॅक्टर ०.८ लिहिला असेल तर हाती येतात १६०० वॅट. पॉवर फॅक्टर १ असेल तर २०००. करंटमध्ये बोलायचे तर २००० भागिले २३०, म्हणजे सुमारे ८.७ अँपिअर.

तेवढाही पूर्ण वापरू नये. सतत चालणारा लोड रेटेडच्या ऐंशी टक्क्यांच्या आत ठेवावा. जुने मशीन, उन्हाळा, खारी हवा, गाळ साचलेला कार्ब्युरेटर यांना ती वीस टक्के लागतातच.

लोड जास्त झाला की काय होते? छोट्या जनरेटरचा अल्टरनेटर बहुधा दोन पोलचा असतो. ५० हर्ट्झसाठी त्याचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरले पाहिजे. लोडने ते २७०० वर आले की फ्रिक्वेन्सी ४५. सोबत व्होल्टेजही पडते. ट्यूबलाईट मिणमिणणे सोडा, खरा मार बसतो मोटारीला. इंडक्शन मोटारचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो हे आपण परीक्षेत लिहितो. २३०चे १६० व्होल्ट झाले तर टॉर्क निम्म्याहून कमी. मोटार फिरत नाही, अडकून गुरगुरते, भरमसाट करंट खाते आणि वाइंडिंग जळते. माझा पंप गुरगुरला तो याच कारणाने. तो जळला नाही, हे माझे नशीब.

सुरू होतानाचा झटका

दिवा लावला की जेवढा लोड, तेवढाच शेवटपर्यंत. मोटारीचे तसे नाही. उभ्या मोटारीत बॅक ईएमएफ नसतो, म्हणून सुरू होताना ती चालत्या करंटच्या पाच-सहा पट ओढते. पंप, फ्रीज, मिक्सर, एसी, सगळ्यांचे हेच. हा झटका सेकंद-दीड सेकंदाचा असतो. महावितरणच्या लाईनला तो कळतही नाही. दोन केव्हीएच्या जनरेटरला तो पुरता हलवतो.

म्हणून नियम असा : जनरेटर आधी रिकामा सुरू करा, दोन-तीन मिनिटे स्थिर होऊ द्या. मग सर्वांत मोठी मोटार आधी. ती स्थिरावली की त्याहून छोटी. दिवे, चार्जर सर्वांत शेवटी. बंद करताना उलटे : एकेक लोड काढा, इंजिन थोडा वेळ रिकामे चालवा, मग बंद करा. भरल्या लोडवर एकदम एमसीबी पाडला तर इंजिन क्षणभर बेफाम पळते, व्होल्टेज उसळते आणि जे काही लावलेले राहिले असेल त्याचा निकाल लागतो.

फ्रीजबद्दल आणखी एक. कॉम्प्रेसर बंद पडल्यावर तीन ते पाच मिनिटे थांबूनच पुन्हा लावावा. आतला दाब समान झाल्याशिवाय तो फिरत नाही, नुसता तापतो.

लोडची वही

आता आमच्या घरचा हिशोब मांडून दाखवतो. आकडे ढोबळ आहेत, तुमच्या वस्तूंच्या पाट्या वाचून किंवा क्लॅम्प मीटर लावून तुमचे आकडे काढा. सगळे व्होल्ट-अँपिअरमध्ये :

फ्रीज : चालताना १५०, सुरू होताना ८००.
डीप फ्रीझर : चालताना २५०, सुरू होताना १२००.
सहा एलईडी दिवे : १००. (स्वस्त एलईडीचा पॉवर फॅक्टर कमी असतो, म्हणून ५४ वॅटचे १०० धरले.)
दोन पंखे : १५०.
मोबाइल चार्जर : १००.
अर्ध्या एचपीचा पंप : चालताना ८००, सुरू होताना ४०००.

पंप सोडून सगळे चालू असेल तर बेरीज ७५०. वाटते, दोन हजारांत आरामात बसले. पण नुसती बेरीज फसवते. दिवे, पंखे आणि चार्जरचे ३५०, फ्रीज चालू म्हणून १५० आणि त्याच वेळी फ्रीझर सुरू झाला म्हणून १२००, एकूण १७००. क्षणभरासाठी चालेल. आता फ्रीज आणि फ्रीझर एकदम सुरू झाले तर? ३५० अधिक ८०० अधिक १२००, म्हणजे २३५०. गेला एमसीबी! आणि हे दोघे केव्हा सुरू व्हायचे ते तुम्ही ठरवत नाही, त्यांचा थर्मोस्टॅट ठरवतो. त्यातून दोघे बराच वेळ बंद राहिलेले असले, की वीज येताच दोघेही एकाच क्षणी उठतात.

उपाय सोपा आहे. पाळी लावायची. दोन तास फ्रीज, दोन तास फ्रीझर. दार उगाच उघडायचे नाही. बंद दाराचा फ्रीज चारेक तास थंडावा धरतो आणि भरलेला डीप फ्रीझर त्याहून बराच जास्त वेळ. आणि पंप? चार हजार पाहून त्यावर काट मारायची. त्या चार दिवसांत आम्ही विहिरीचे पाणी दोरी-बादलीने काढले. काही बिघडले नाही.

इस्त्री, गीझर, इंडक्शन शेगडी, केटल, हीटरचा रॉड ही मंडळी हजार-दोन हजार वॅटची. छोट्या जनरेटरच्या वहीत त्यांचे नावच लिहायचे नाही.

पैशाचाही हिशोब बघा. असा जनरेटर चांगल्या लोडवर तासाला साधारण लिटरभर पेट्रोल पितो. मे २०२१ मध्ये मुंबईत पेट्रोल लिटरला शंभरीच्या उंबरठ्यावर होते आणि मार्व्याची बोट बंद होती. पेट्रोल संपले असते तर वळसा घालून आणावे लागले असते. वही केल्यावर आमचा जनरेटर दिवसाला चार-पाच तासच चालला.

वीज उलटी जाते ती अशी

दोन्हीकडे प्लग असलेली वायर का नको, ते नीट समजून घ्या. आपल्या घरातला सॉकेट आणि खांबावरची तार हे एकच सर्किट आहे. मध्ये असतो तो फक्त मेन स्विच. तो चालू राहिला की जनरेटरची वीज मीटरमधून बाहेर पडते. गल्लीतला ट्रान्सफॉर्मर आपल्याला ११ हजार व्होल्टचे २३० करून देतो. पण ट्रान्सफॉर्मरला दिशा कळत नाही. खालून २३० दिले तर वरच्या बाजूला हजारो व्होल्ट उभे राहू शकतात. छोटा जनरेटर शेजाऱ्यांच्या लोडखाली बहुधा बंद पडतो, पण लाईन आमच्यासारखी मध्येच तोडलेली असेल तर तो बंद पडत नाही, आणि मारायला २३० व्होल्टही पुरतात. शिवाय अचानक बाहेरची लाईट आली तर दोन्ही विजा एकमेकींशी भिडतात. सिंक्रोनायझेशनच्या प्रयोगात लॅम्प अंधारे होईपर्यंत आपण स्विच का लावत नाही, ते आठवा. इथे तो स्विच भलत्याच क्षणी दुसरे कोणीतरी लावते.

"मी मेन बंद करतोच" हे उत्तर पुरत नाही. मीही केला होता. माणसाच्या आठवणीवर सुरक्षितता ठेवायची नसते. यंत्रानेच ती चूक अशक्य करावी लागते. ते काम चेंजओव्हर स्विच करतो. एका बाजूला लाईन, एका बाजूला जनरेटर, मधोमध बंद. दोन्ही एकदम जोडता येतच नाहीत. फेज आणि न्यूट्रल दोन्ही बदलणारा, दोन पोलचा स्विच घ्यावा आणि तो परवानाधारक वायरमनकडूनच बसवावा. तो नसेल तर वस्तू थेट जनरेटरला एक्स्टेन्शनने जोडाव्यात, घराच्या वायरिंगला हातही लावू नये. तिसरा मार्ग नाही.

धूर दिसत नाही तोच वाईट

आमचा जनरेटर मी पडवीत ठेवला होता. पाऊस होता, आवाजही होता, म्हणून घराच्या जवळ. वायरमनने तो बाहेर काढायला लावला, तेव्हा मला वाटले शेजाऱ्यांच्या झोपेसाठी असेल. दोन महिन्यांनी, जुलै २०२१ मध्ये, चंद्रपूरजवळच्या दुर्गापूरची बातमी वाचली. रात्री लाईट गेली म्हणून घरात जनरेटर लावून कुटुंब झोपले. सकाळपर्यंत एकाच घरातल्या सहा जणांचा गुदमरून मृत्यू झालेला होता. ती बातमी वाचल्यावर मी बराच वेळ आमच्या पडवीकडे बघत बसलो होतो.

पेट्रोल इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, झोप येते आणि झोपेतच माणूस जातो. खिडकी उघडी ठेवली, पंखा लावला, याने भागत नाही. जनरेटर नेहमी उघड्यावर, दारा-खिडक्यांपासून निदान वीस फूट दूर, धुराचे तोंड घराच्या उलट दिशेला. घर, पडवी, गॅरेज, जिन्याखालची जागा, मंडपाचा बंद कोपरा यांपैकी कुठेही नाही. जनरेटर चालू असताना कोणाचे डोके जड झाले तर आधी त्याला मोकळ्या हवेत न्यायचे, मग जनरेटर बंद करायचा आणि लगेच दवाखाना गाठायचा.

वायर, अर्थिंग, पाऊस, पेट्रोल

जनरेटर लांब ठेवायचा म्हणजे वायर लांब लागणार. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या बारीक वायरच्या वीस मीटरमध्ये जाऊन-येऊन सुमारे एक ओहम रोध भरतो. आठ अँपिअर गेले की आठ व्होल्ट पडले आणि ६४ वॅट उष्णता वायरमध्येच राहिली. वायर पसरलेली असेल तर ती उष्णता निघून जाते, रिळावर गुंडाळलेली असेल तर आतल्या आत भाजते. म्हणून दीड किंवा अडीच चौरस मिलिमीटरची तीन कोअरची वायर घ्या, पूर्ण उलगडा, आणि जोड उघड्यावर सोडू नका.

अर्थिंगबद्दल एक बारकावा. बऱ्याच पोर्टेबल जनरेटरमध्ये वाइंडिंगचे कोणतेच टोक बॉडीला जोडलेले नसते. अशा सेटवर नुसता आरसीसीबी लावला तर तो पहिल्या दोषाला पडत नाही, कारण गळणाऱ्या करंटला परतीची वाटच नसते. न्यूट्रल आणि बॉडी योग्य प्रकारे जोडून अर्थ रॉड ठोकला तरच ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी त्याचे काम करतो. हा जोड जनरेटरचे पुस्तक पाहून आणि जाणकाराकडून करून घ्यावा, स्वतः झाकण उघडून नव्हे. आणि कोरड्या वाळूत रॉड ठोकून उपयोग नाही. आमच्याकडे किनाऱ्यावर विहिरीजवळची ओली माती शोधावी लागते.

पाऊस वरून येऊ नये इतपत छप्पर हवे, पण चारही बाजू मोकळ्या हव्यात. ओल्या हाताने प्लगला हात लावायचा नाही. समुद्राजवळ पिनांवर हिरवट थर चढतो, तो पुसून घ्यावा. नाहीतर तिथेच ठिणगी.

पेट्रोल भरताना इंजिन बंद करून पंधरा मिनिटे थंड होऊ द्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली पसरत जाऊन तापलेला सायलेन्सर शोधते. आणि पेट्रोल पाण्याच्या बाटलीत साठवू नका. अंधारात कोणाला तहान लागेल सांगता येत नाही.

आपल्या होस्टेलपुरते

आता पुन्हा आपल्या दोन आरोळ्यांकडे. मेसच्या मागचा सेट मोठा आहे, त्याला चेंजओव्हर आहे, धूर वर काढलेला आहे. तरी तो पडतो. का? मेसचा मिक्सर, वॉटर कूलर आणि जिन्यातले दिवे यांचा हिशोब करून तो लावलेला आहे. त्यात तिसऱ्या मजल्यावरच्या दीड हजार वॅटच्या रॉडचा हिशोब नाही. असे चार रॉड म्हणजे सहा किलोवॅट. परीक्षेच्या रात्री पाच जणांच्या आंघोळीसाठी दोनशे जणांचा अभ्यास बंद पडतो.

फेस्टिव्हलला आपण भाड्याने छोटे जनरेटर आणतो, तेव्हाही हीच कथा. साउंडवाला म्हणतो माझे एवढेच, लाईटवाला म्हणतो माझे एवढेच आणि भेळेच्या स्टॉलवर कोणीतरी इंडक्शन लावतो. यंदा मेस कमिटीला आणि फेस्टिव्हल कमिटीला माझी विनंती आहे : जनरेटरशेजारी एक वही टांगा. प्रत्येक वस्तूचे नाव, चालतानाचा आकडा, सुरू होतानाचा आकडा आणि कोणाच्या परवानगीने लावली त्याची सही. बेरीज ऐंशी टक्क्यांवर गेली की नवी वस्तू नाही, मग ती सेक्रेटरीची का असेना. मशीन लॅबमधला क्लॅम्प मीटर त्या दिवसापुरता मिळावा, अशी सरांनाही विनंती आहे.

पक्कडीने छाटलेली ती वायर मी होस्टेलवर माझ्या पेटीत ठेवली आहे. ज्युनियर मुलांपैकी कोणी "सर, घरी जनरेटर आहे, सॉकेटमधून दिला तर चालेल का?" असे विचारले की मी ती काढून दाखवतो. त्या वायरमनचे नाव मी तेव्हा विचारले नाही, आता विचारायला तो कुठे भेटणार? पण लाईट गेली की मला तो खांब आठवतो. आपल्या घरात उजेड करण्याआधी बाहेर तारेवर कोणी आहे का, एवढे विचारले तरी पुष्कळ झाले.

— अंतिम वर्ष, विद्युत अभियांत्रिकी